सिनेमाच्या शहरात यात्रेकरू होऊन जाऊ नका!

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला, इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर वसले आहे. तीर्थक्षेत्र म्हणून गावाची ख्याती आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात, घाटावर उतरतात, रांगेत उभी राहतात, हात जोडतात आणि आल्या वाटेने परत जातात. यात्रेकरू गावात येतो, पण गाव पाहत नाही. घाट कोण झाडतो, वस्ती कुठे आहे, पोरे कोणत्या शाळेत जातात, याची चौकशी करावी असे त्याला वाटत नाही. जे दाखवले जाते तेवढेच पाहायचे आणि धन्य होऊन परतायचे, ही यात्रेकरूची रीत असते.

यात्रेकरू रोज पाहणाऱ्या या गावाला हे सांगायला नको. पण याच गावातली, याच तालुक्यातली आपली पोरे मुंबईला जातात तेव्हा स्वतः काय करतात? वांद्र्याला समुद्राकाठी एका नटाच्या बंगल्यासमोर तास न् तास उभी राहतात. जुहूला दुसऱ्या नटाच्या फाटकासमोर रविवारी गर्दीत चेंगरतात. गच्चीवरून कोणी हात हलवला की मोबाइलवर फोटो काढतात आणि सिनेमाची मुंबई पाहिली म्हणून गावी सांगतात. हे दर्शन झाले, पाहणे नव्हे. देव बदलला, रांग तीच राहिली.

सिनेमाच पाहू नका, असे आम्ही म्हणत नाही. उलट भरपूर पाहा, शिट्ट्या मारा, हसा, रडा. दिवसभर उसाच्या फडात नाही तर बांधकामावर राबणाऱ्या माणसाला तीन तासांच्या आनंदाचा हक्क आहे, आणि त्या आनंदाला नाके मुरडणाऱ्या विद्वानांशी आमचे जमत नाही. आमचे म्हणणे इतकेच की मुंबई आणि पुणे या शहरांत सिनेमाची जी मोठी संस्कृती आहे, तिचा वाटा आपण मागितलेलाच नाही. संग्रहालये आहेत, चित्रपटांचे सरकारी भांडार आहे, महोत्सव आहेत, फिल्म सोसायट्या आहेत. यातले बरेचसे जनतेच्या पैशावर उभे आहे. तिथे जाणारे मात्र ठराविक पेठांतले आणि ठराविक कॉलन्यांतले. आपल्याला तिथे कोणी अडवलेले नाही, आणि आपणही तिकडे पाऊल टाकलेले नाही.

नरसिंहपूरच्या माणसाने तर सिनेमाच्या शहरात बुजायचे काहीच कारण नाही. जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा पाहिलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. जमिनीवर बसून, मध्येच रीळ तुटले की आरडाओरडा करत या पिढीने सिनेमा पाहिला. देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता, त्यांना तंबूत तिकिटाच्या पैशात सगळ्यांबरोबर जागा मिळे. मांडीला मांडी लावून बसण्याचा हा अनुभव लहान नव्हता.

आणि आता तर सिनेमाच आपल्या दारात आला आहे. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या अकलूजची रिंकू राजगुरू २०१६ मध्ये ‘सैराट’मधून घराघरांत पोचली. उजनीच्या फुगवट्यापलीकडे करमाळा तालुक्यात जेऊर आहे. तिथल्या नागराज मंजुळे यांनी त्या वेळच्या अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेतले, तिथे शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि पुढे ‘फँड्री’, ‘सैराट’, ‘झुंड’ दिले. ‘सैराट’चे बरेचसे चित्रण करमाळा परिसरात झाले. जी भाषा बोलल्यावर पुण्याच्या वर्गात पोरे हसतात, तीच भाषा साऱ्या देशाने पैसे मोजून ऐकली. ज्यांच्या शेजारच्या गावाने मराठी सिनेमाची वाट बदलली, त्यांनी मुंबईत जाऊन फाटकासमोर ताटकळत का उभे राहावे?

मग पाहायचे काय? मुंबईपासून सुरुवात करू.

६ डिसेंबरला आपली माणसे लाखोंनी दादरला उतरतात. चैत्यभूमीवर अभिवादन करून अनेकजण दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ पाहायला जातात. याच दादर पूर्वेला दादासाहेब फाळके यांच्या नावाचा रस्ता आहे. १९१२-१३ मध्ये दादरच्याच एका बंगल्यात फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाचा पाळणा हलला ती जागा आणि बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेले घर पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथून जाताना एवढे आठवावे, की त्या चित्रपटात तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही. सिनेमात काम करणे इतके हलके मानले जाई की शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात राबणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून राणी उभी केली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. म्हणजे पहिल्या चित्रपटाची राणी हॉटेलात राबणाऱ्या कामगाराने साकारली. फाळक्यांचे नाव रस्त्याला मिळाले, साळुंक्यांचे नाव किती जणांना माहीत आहे?

याच फाळके रस्त्याच्या परिसरात ‘चित्रा’ हे एकपडदा चित्रपटगृह होते. २०१९ मध्ये ते बंद पडले. स्टेशनच्या पश्चिमेला ‘प्लाझा’ आहे. ते व्ही. शांताराम यांनी घेतले आणि १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत तेही हादरले. दादर ते परळ-लालबाग हा सारा पट्टा गिरणी कामगारांचा होता. पाळी सुटली की कामगार थिएटरात जाई, आणि मराठी सिनेमा जगला तो त्याच्या खिशातल्या सुट्या पैशांवर. गिरण्या गेल्या, मॉल आले, तिकिटे महागली आणि मागच्या बाकावरचा कामगार थिएटरातून बाहेर फेकला गेला. शहराची सिनेसंस्कृती समजून घ्यायची तर हा हिशेबही समजून घ्यावा लागतो.

दुसरा मुक्काम पेडर रोडवर. तिथे जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. गुलशन महाल हा जुना बंगला आणि शेजारची नवी इमारत अशा दोन भागांत ते मांडले आहे. मूकपटांपासून आजपर्यंतचे कॅमेरे, पोस्टर, ध्वनियंत्रे तिथे पाहायला मिळतात. तिकीट माफक आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. ग्रँट रोड स्टेशनवर उतरून बस किंवा टॅक्सी करावी आणि अर्धा दिवस मोकळा ठेवावा. पोरांना सोबत नेले तर उत्तम. चित्र हलते कसे, आवाज पट्टीवर उतरतो कसा, हे यंत्रासमोर उभे राहून कळले की पडद्यावरच्या चमत्काराची भीड चेपते. चमत्कारामागचे यंत्र ज्याला कळते तो भक्त राहत नाही. आपल्या चळवळीची शिकवण याहून वेगळी ती काय?

सवड असेल तर काळा घोडा भागात जाऊन वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत बाहेरून पाहावी. ७ जुलै १८९६ रोजी लुमिए बंधूंच्या सहा छोट्या चित्रफिती तिथे दाखवल्या गेल्या. भारतातले ते पहिले खेळ. हॉटेल गोऱ्या साहेबांचे, तिकीट एक रुपया. पण आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि चार आण्यांची स्वस्त जागा निघाली. सिनेमाला लोकांकडे यायला इतकाच अवकाश लागला. वेद ऐकायलाही ज्यांना बंदी होती, त्यांना हे नवे यंत्र चार आण्यांत जग दाखवू लागले.

एसटीने मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांना आणखी एक ठिकाण अगदी हाताशी आहे. आगारासमोरच ‘मराठा मंदिर’ आहे. हे थिएटर १९५८ चे. १९६० मध्ये ‘मुघल-ए-आझम’चा पहिला खेळ इथेच झाला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा चित्रपट १९९५ पासून इथे चालू आहे. टाळेबंदीचा खंड सोडला तर तो सतत दाखवला गेला आणि २०२५ मध्ये त्याला तीस वर्षे झाली. गाडी सुटायला अवकाश असलेले प्रवासी, हमाल, टॅक्सीवाले, नव्याने शहरात आलेली जोडपी असा इथला प्रेक्षक. हा खेळ जरूर पाहावा. पडद्याइतकेच प्रेक्षकांकडे पाहावे, कारण मुंबईची खरी सिनेसंस्कृती बंगल्यांच्या फाटकापेक्षा या खुर्च्यांत जास्त आहे.

मात्र पाहताना एक प्रश्न मनात ठेवावा. या चित्रपटातला नायक नायिकेला पळवून नेत नाही. बापाने स्वतः मुलीचा हात द्यावा म्हणून तो मार खातो, आणि शेवटी बाप हात सोडतो. दोघेही एकाच समाजातले, पैसेवाले. ‘सैराट’मधल्या परशा आणि आर्चीला असा बाप मिळत नाही. त्यांच्या दारात भेटवस्तू घेऊन माणसे येतात आणि मागे राहतात ते बाळाचे रक्ताळलेले पाय. एका चित्रपटाने तीस वर्षे स्वप्न विकले. दुसऱ्याने आपल्या तालुक्यांत घडू शकणारे वास्तव सांगितले. दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. असे का झाले, यावर परतीच्या एसटीत बोलणे झाले तर तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल झाले असे समजावे.

गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. राज्य सरकारने ती १९७७ मध्ये उभारली. पैसे भरून बसमधून फेरफटका मारता येतो. खोटी देवळे, खोटी गावे, खोटी न्यायालये पाहून मजा वाटते आणि वाटावीच. पण याच चित्रनगरीच्या हद्दीत आणि शेजारच्या आरेच्या जंगलात आदिवासींचे खरेखुरे पाडे आहेत. कॅमेऱ्यासाठी रात्रीचा दिवस करणारे दिवे जिथे लागतात, त्याच्या पलीकडच्या पाड्यांना रस्ता, वीज, पाण्यासाठी झगडावे लागले. पर्यटकांच्या बसमधून हे दाखवत नाहीत. विचारावे लागते.

आणि मुंबईतला आपला मुक्काम घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराशिवाय पुरा होऊ नये. ११ जुलै १९९७ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला, दहाजणांचा बळी गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा केला. तो चाळींत, वस्त्यांत पडदे बांधून दाखवला गेला. सिनेमाची मुंबई म्हणून जो नकाशा छापला जातो त्यात रमाबाई नगर नसते. आपण ते आपल्या नकाशावर घातले पाहिजे.

आता पुण्याकडे येऊ. नरसिंहपूरच्या माणसाला पुणे जिल्ह्याचेच ठिकाण आहे. कोर्टकचेरीला, दवाखान्याला, भरतीला आपण पुण्याला जातोच. काम आटोपले की संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्वारगेटला बसून राहण्यापेक्षा लॉ कॉलेज रस्ता गाठावा. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये केंद्र सरकारने ते स्थापन केले, पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते उभे केले, आणि २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे वाचली ती नायर यांच्या खटपटीमुळे. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात फिल्म सोसायट्यांचे खेळ होतात, ग्रंथालय आहे. सिनेमावर प्रकल्प किंवा प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या ग्रंथालयाची पायरी चढलीच पाहिजे.

या संग्रहालयाच्या आवारातला जुना बंगला बॅरिस्टर जयकर यांचा. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर ज्यांच्या सह्या आहेत, वाटाघाटीत जे सप्रूंबरोबर मध्यस्थ म्हणून वावरले, तेच हे जयकर. आपल्या राजकीय हक्कांच्या इतिहासाचा एक धागा असा सिनेमाच्या भांडारापर्यंत येतो. आपण मात्र त्या रस्त्याने कधी गेलेलो नसतो!

जवळच चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे एफटीआयआय आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये ही संस्था सुरू झाली. आवारात प्रभातच्या आठवणी जपल्या आहेत. आत जायचे तर आधी पत्र पाठवून परवानगी काढावी. गटाने, शाळेच्या किंवा मंडळाच्या पत्रावर गेलेले बरे. इथेच प्रभातने १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ काढला. संत एकनाथांच्या चरित्रावरचा, अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालणारा हा चित्रपट. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. संतांच्या दयेने अस्पृश्यता जाईल, हा त्या काळच्या सुधारकांचा भाबडेपणा त्यात आहे, आणि त्याच १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहिली की सिनेमा इतिहासाचा धडा होतो.

एफटीआयआय फक्त पाहण्याची जागा नव्हे. ही केंद्र सरकारची संस्था आहे, प्रवेशपरीक्षा होते, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना राखीव जागा आहेत. कॅमेरा, संकलन, ध्वनी, कला-दिग्दर्शन हे सारे शिकवले जाते. दहावी-बारावीनंतर काय, म्हणून पोरे आम्हाला विचारतात. डी.एड., आयटीआय, पोलीस भरती यांच्या यादीत या संस्थेचे नाव कोणी का सांगत नाही? आपल्या पोराने नट व्हावे की नाही हा त्याचा प्रश्न. पण कॅमेऱ्यामागे आपला माणूस नसेल तर कॅमेऱ्यासमोर आपले जगणे येणार नाही, हे उघड आहे.

जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आधी नोंदणी करावी लागते, विद्यार्थ्यांना सवलत असते. मुंबईत १९९० पासून माहितीपटांचा महोत्सव होतो. २००४ मध्ये त्या महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली तेव्हा चित्रकर्त्यांनी बाहेर पडून प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. दार बंद झाले की स्वतःचे दार उघडायचे, ही गोष्ट आंबेडकरी माणसाला कोणी शिकवायला नको. महोत्सवात इराणचा, कोरियाचा, आफ्रिकेचा चित्रपट लागला तर भाषेला घाबरू नये. खाली अक्षरे येतात, आणि भुकेला, अपमानाला, प्रेमाला भाषांतर फारसे लागत नाही. ‘फँड्री’तला जब्या डुक्कर धरताना राष्ट्रगीत ऐकून थबकतो, बाबासाहेब आणि सावित्रीमाईंची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीवरून डुक्कर वाहून नेले जाते, हे जगभरच्या प्रेक्षकांना कळले ते असेच.

शहरात जाताना तीन प्रश्न खिशात ठेवावेत. या पडद्यावर बोलतो कोण आणि गप्प कोण? नायकाचे आडनाव काय आणि घरगड्याचे काय? आणि हा चित्रपट माझ्या गावापर्यंत पोचतो का, पोचत नसेल तर अडते कुठे? तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ मध्ये स्वतः बाबासाहेब हजर होते. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आजच्या किती पोरांनी तो पाहिला आहे? जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, मामुट्टी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, पण त्याची तामिळ आवृत्ती लोकांसमोर यायला २०१० उजाडले. ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर उभा करणारे वीरा साथीदार हे आपल्या चळवळीतले कार्यकर्ते. चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला, देशात सर्वोत्कृष्ट ठरला, साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. आपल्या किती वस्त्यांत ‘कोर्ट’ दाखवला गेला? आपले सिनेमे निघत नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. निघालेले आपण पाहत नाही, ही नवी आहे.

म्हणून शहरात जाऊन आलेल्याने रिकाम्या हाताने परतू नये. सत्यजित राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ उभा केला. चांगला सिनेमा मिळवायचा, एकत्र पाहायचा आणि त्यावर बोलायचे, एवढाच सोसायटीचा अर्थ. त्याला वातानुकूलित थिएटर लागत नाही. समाजमंदिराची भिंत, एक प्रोजेक्टर, एक ध्वनिक्षेपक आणि महिन्यातली एक संध्याकाळ पुरते. निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यावी, जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवावा. बायांना पुढच्या रांगेत बसवावे. खेळ संपल्यावर दिवे लावून अर्धा तास चर्चा करावी, आणि चर्चेची सुरुवात गावातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसापासून करावी. तंबूतल्या सिनेमाने एकत्र बसवले होते, ही संध्याकाळ एकत्र बोलायला लावील.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. पडद्यावरच्या माणसाची भक्ती करणारा प्रेक्षक उद्या व्यासपीठावरच्या माणसाचीही करतो. सवय तीच असते. आणि हा धोका कधी नव्हता इतका आज मोठा आहे. कारण सिनेमाचा पडदा आता तळहातावर आला आहे आणि जो तो एकटाच त्यात डोके खुपसून बसला आहे.

तेव्हा येत्या ६ डिसेंबरला किंवा पुण्याच्या पुढच्या खेपेला पाच-सहाजणांनी ठरवून एक दिवस सिनेमासाठी काढावा. एक वही घ्यावी, शिदोरी घ्यावी, घरातल्या मुलीला सोबत न्यावे. मनसोक्त पाहावे, प्रश्न विचारावेत आणि पाहिलेले गावाला सांगावे. हात जोडायला नव्हे, आपला वाटा मागायला जावे.

जय भीम!